ॲसिडच्या घरी आलेली सून

आबा, सकाळपासून एका शब्दावर अडले आहे. शब्द आहे 'अनवधानाने'. माझ्या नव्या पुस्तकाची प्रस्तावना उद्या द्यायची आहे आणि तिच्यात एक वाक्य आहे, 'सुरुवातीच्या काळात माझ्या एका लेखात अनवधानाने एक चूक राहून गेली, आणि त्या चुकीनेच मला विज्ञानाची गोष्ट सांगायला शिकवलं.' वाक्य छान आहे. वाचणाऱ्याला वाटेल, किती प्रांजळ बाई आहे ही. तो शब्द मी तीनदा खोडला, तीनदा परत लिहिला, मधे दोनदा चहा करून प्यायले. तुम्ही असतात तर पाठीमागे उभं राहून म्हणाला असतात, 'एवढा जड झालाय का शब्द? खाली ठेव मग.' तुम्हाला जाऊन आता पंधरा वर्षं होतील. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावंसं वाटलं नाही, म्हणजे खरं तर मी वाटू दिलं नाही, कारण लिहायला बसले असते तर ह्याच शब्दापाशी येऊन थांबले असते.

मी लिहायला लागले ती भारनियमनाची वर्षं होती. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापता छापता त्याने चार पानांचं एक मराठी साप्ताहिक काढलं होतं, आणि केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली, नोकरी न लागलेली मी त्याला आयती सापडले होते. पहिला लेख मी ओझोनवर लिहिला. तुम्ही तो रविवारी विहारात नेलात, वंदना झाल्यावर नेहमीसारखा पेपर वाचून दाखवायला बसलात, आणि तिसऱ्या परिच्छेदाला तुमच्या कंपनीतले बॉयलरवाले काका चक्क घोरायला लागले. घरी आल्यावर पेपर माझ्यापुढे ठेवून तुम्ही म्हणालात, "सगळं बरोबर असेल. पण ह्यात माणूस कुठे आहे?" मी चिडले. म्हटलं, ओझोनमध्ये माणूस कुठून आणू? "मग माणसांना कशाला वाचायला लावतेस?" दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. शेवटी आईने मध्यस्थी केली, म्हणजे आपल्या दोघांनाही सारखंच झापलं.

माणूस कुठून आणायचा ते मला तुमच्या केमिकल कंपनीच्या गेटवर कळलं. अंबरनाथच्या मोरिवलीतलं आपलं घर आणि कंपनी ह्यांच्यात चालत दहा मिनिटांचं अंतर, तुम्ही वेळेवर जेवायला आला नाहीत म्हणून मी डबा घेऊन गेले होते. त्या दिवशी तुमची शिफ्ट सुटायला उशीर झाला होता आणि तुम्ही गेटजवळच उभं राहून पुढच्या ऑपरेटरला प्लांट सोपवत होतात. त्याला तुम्ही लोक 'चार्ज देणं' म्हणता. "सातला आलो तेव्हा दोन नंबरचा पंप रुसलेला. आठला मनवला. नऊला परत रुसला, म्हणून त्याला बसवला आणि तीन नंबरवर घेतलं. आता तू त्याच्या वाटेला जाऊ नको. आधी खालचा वाल्व्ह बघ, मग वरचा." तो माणूस मान हलवत ऐकत होता, त्याला एक अक्षर लिहून घ्यावं लागलं नाही. मी म्हटलं, आबा, तुम्ही तर गोष्ट सांगत होतात. तुम्ही म्हणालात, "गोष्टच आहे. पण क्रम सोडायचा नाही. आधी काय, मग काय. क्रम चुकला तर पुढच्या माणसाचा हात जातो." तुमचं ते बोलणं मला फार आवडलं, आणि त्यातला पंप रुसल्याचा भाग तेवढा मी घेतला.

मग काय, माझी गाडी सुसाट सुटली. दुधाचं दही होण्यात जिवाणूंची चाळ आली, प्रेशर कुकरच्या शिट्टीत नवराबायकोचं भांडण आलं, रक्तातल्या प्राणवायूला डबेवाला मिळाला. शेठ खूश. "साईं, ये तो एकदम स्टोरी है! सायन्स असं पाहिजे, मेरी घरवाली भी पढ़ती है." विहारात आता कोणी घोरत नव्हतं. पत्रं यायला लागली, आणि पत्रं यायला लागल्यावर माणूस कसा बिघडतो ते मी स्वतःवरून सांगू शकते. मी लेख लिहिताना आधी लोक कुठे हसतील ते ठरवायचे आणि मग विज्ञान त्या जागेपर्यंत ओढत न्यायचे.

त्या पत्रांमध्ये बेलवलीचं एक पोस्टकार्ड होतं. ते अजून माझ्याकडे आहे, आत्ताही समोरच आहे. बाईंनी लिहिलं होतं की यजमान वारल्यापासून बॅटऱ्यांचं दुकान त्या चालवतात, भारनियमनामुळे इन्व्हर्टरची कामं रोज येतात, पण बॅटरीत भरायचं तयार ॲसिड हल्ली वेळेवर मिळत नाही. यजमान घरीच मिसळायचे. कडक ॲसिडचा, म्हणजे पाणी न मिसळलेल्या ॲसिडचा, एक कॅन तसाच पडून आहे. 'त्यात पाणी कसं मिसळायचं ते गोष्टीतून लिहा. तुमच्या गोष्टी माझ्या ध्यानात राहतात.' ही शेवटची ओळ मी शेठला, आईला, तुम्हाला, सगळ्यांना वाचून दाखवली. त्याआधीच्या ओळीत काय मागितलंय त्याकडे माझं तेवढं लक्ष नव्हतं.

मी सासू-सुनेची गोष्ट लिहिली. ॲसिड म्हणजे जुन्या घरातली तापट सासू. पाणी म्हणजे नवी सून. सून उंबरठा ओलांडून सासूच्या घरी येते, तसं पाणी ॲसिडच्या घरी येतं. एकदम नाही, वाटी वाटीने, दबकत. सासू तापते, धुसफुसते, सून सोसते, आणि मग दोघी मिळून बॅटरीचा संसार नेटाने चालवतात. आपल्याकडे सूनच सासूच्या घरी जाते, त्यामुळे गोष्टीला दुसरी दिशाच नव्हती. लेख बुधवारी छापायला गेला, शुक्रवारी सकाळी अंक निघाला.

त्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता तुम्ही घरी आलात. शिफ्ट तीनला सुटायची. तोवर तुम्ही ताप अंगावर काढला होतात, पण चार्ज दिल्याशिवाय प्लांट सोडला नव्हतात. मी ओट्याशी उभी राहून आमटीला फोडणी देत होते. तुम्ही कंपनीच्याच कपड्यात दारात उभे, हातात घडी घातलेला अंक. आवाज चढवला नाहीत.

"तेल तापलंय?"

"हो."

"त्यात पाणी ओत."

"काहीतरीच काय आबा, अंगावर उडेल."

"आणि ॲसिडात ओतलं तर?"

मी गॅस बंद केला. तुम्ही अंक ओट्यावर ठेवलात आणि सुनेच्या ओळीवर बोट टेकवलंत. "कडक ॲसिडात पाणी पडलं की वरच्या वर उकळतं आणि तोंडावर येतं. आमच्यात नवीन हेल्परला पहिल्या दिवशी सांगतात. ॲसिड पाण्यात, थोडं थोडं. पाणी ॲसिडात कधी नाही. ती बेलवलीची बाई अंक घेते ना?" मी मान हलवली. "पत्ता आण."

आई आतून विचारत होती, काय झालं, जेवून तरी जा. तोवर तुम्ही स्कूटर काढली होतीत. पोस्टकार्डावर फोन नंबर नव्हता. मी वाटेत मोबाइलवरून शेठला फोन केला, अंक थांबवता येतील का म्हणून. तो म्हणाला, "अब क्या, बेटा, सगळा माल बाहर गया. पुढच्या अंकात दोन लाइन टाक ना, कौन इतना पढ़ता है." तुमच्या स्कूटरवर मागे बसून मी मनात तेच घोकत होते, कोण एवढं वाचतं, कोण एवढं वाचतं. अंबरनाथ सोडून आपण बदलापूरच्या रस्त्याला लागलो. एरवी तुम्ही चाळिसाच्या वर स्कूटर नेत नसा, त्या दिवशी काटा किती होता ते मी पाहिलं नाही. मला तुमचा राग परवडला असता. तुम्ही घाबरला आहात हे तुमच्या पाठीवरून कळत होतं, ते सहन होत नव्हतं.

बेलवलीत वीज गेलेली. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि आतून एक उग्र वास येत होता. तुम्ही वाकून आत शिरलात, मागून मी. बाई पन्नाशीच्या असतील. जमिनीवर बसल्या होत्या, समोर प्लास्टिकचा टब, त्याच्या तळाशी ॲसिड, बाजूला पाण्याची बादली आणि वाटी. शेजारी माझा लेख, उडू नये म्हणून त्यावर पाना ठेवलेला. पातळाला पुढून भोकं पडली होती. उजव्या मनगटाला ओलं फडकं गुंडाळलेलं. डोळ्यांवर नवऱ्याचा चष्मा, त्याच्या दोन्ही काचांवर ठिपके. वाचण्यासाठी लावला होता तो, म्हणून त्यांचे डोळे वाचले.

आणि आबा, डाव्या हाताने त्यांनी परत वाटी भरली होती.

"ताई, ठेवा ते," तुम्ही म्हणालात. मी कोण ते कळल्यावर त्या बाई उठायला लागल्या, ओशाळल्या. "बाय, तू एवढ्या लांबशी आलीस? मना वाटला, मीच घाई केली. एक वाटी गेली ती फसकन अंगावं आली. आता तुमी लिवलाय तसा हलूहलू परत करनार व्हते."

त्या माझी माफी मागत होत्या. स्वतःची कातडी भाजली होती तरी त्यांचा विश्वास कागदावर होता. मला रडू फुटलं, आणि रडणारी मी तिथे काडीच्या उपयोगाची नव्हते. तुम्ही त्यांचं मनगट धरून पिंपाच्या नळाखाली नेलंत आणि बराच वेळ धरून ठेवलंत. टबाला मला हात लावू दिला नाहीत. हात धुऊन झाल्यावर तुम्ही म्हणालात, "ताई, तुमची चूक नाही. ते उलटं छापलंय. पाणी आधी घ्यायचं. त्यात ॲसिड सोडायचं, बारीक धारेने."

त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमी सांगता त्या खराच. पन उद्या मी इसरनार. सुनेचा कसा, ध्यानात बसला." त्या सहज बोलल्या. मला मात्र तेव्हा कळलं की मी काय करून बसले आहे. माझी खोटी गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती, आणि तुमच्या खऱ्या वाक्याला तिथे जागा नव्हती. त्यांना दुसरी गोष्टच हवी होती, आणि माझ्या डोक्यात त्या क्षणी काहीही येत नव्हतं. लोकांना खिळवून ठेवणारी लेखिका भिंतीला टेकून डोळे पुसत होती.

तुम्ही त्यांच्यासमोर उकिडवे बसलात. मग म्हणालात, "ताई, घरजावई बघितलाय कधी?"

तो शब्द आपल्या घरात कोणी उच्चारत नसे. घाटावरून कामाला आलेले तुम्ही, आजोबांच्या मोरिवलीच्या घरात लग्न करून राहिलात, आणि गावातल्या लोकांनी तुम्हाला आयुष्यभर 'जावईबापू' म्हणून टोमणे मारले. एकदा मामाने थट्टेत तो शब्द वापरला तेव्हा तुम्ही ताटावरून उठला होतात. बाई हसल्या, "बगितलाय ना, आमच्या आलीतच हाय एक." तुम्ही पण हसलात, आणि माझ्याकडे न बघता सांगायला लागलात.

"मग ध्यानात ठेवा. ॲसिड म्हणजे घरजावई. तापट असतो, जवान असतो, स्वतःला लई समजतो. पण सासरी राहायला तो जातो. घर काय उठून त्याच्याकडे येत नाही. घर म्हणजे पाणी, ते मोठं आणि थंड. आधी घर भरलेलं पाहिजे. मग जावई आत येतो, मान खाली घालून, एकेक पाऊल. एकदम सगळं बिऱ्हाड घेऊन घुसला तर भांडणच होतं. हळू आला की घर त्याला निववतं. जावई घरात. घर जावयात नाही."

"जावय घरान," त्या बाईंनी म्हणून बघितलं. "ॲसिड पान्यान." परत एकदा म्हटलं आणि मग मोठ्याने हसल्या. तुम्ही टबातलं ॲसिड पाण्याच्या बादलीत बारीक धारेने रितं केलंत, कॅनचं बूच घट्ट लावलंत आणि यापुढे तयारच आणा म्हणून बजावलंत. निघताना त्यांनी मला चहाचा आग्रह केला. मी त्यांच्या भाजलेल्या मनगटाकडे न बघता तो चहा प्यायले.

परतताना, अंबरनाथ पूर्वेला बाजारात शिरलो आणि गर्दीत स्कूटर हळू झाली, तेव्हा तुम्ही मान न वळवता विचारलंत, "तुला माहीत नव्हतं?"

"लक्षात आलं नाही, आबा."

तुम्ही समोरच्या हातगाडीला वाट दिलीत. "होतं असं. लक्षात ठेव." एवढंच. पुढे मोरिवलीपर्यंत तुम्ही घरात भाजी काय लागते ते बोलत होतात.

पुढच्या अंकात मी चुकीची दुरुस्ती केली आणि घरजावयाची गोष्ट लिहिली. इतकी पत्रं मला तोवर कधी आली नव्हती. लेखात मी लिहिलं, 'एक अनुभवी ऑपरेटर म्हणाले'. मोरिवलीत कोणाला कळणार नव्हतं? रविवारी विहारात तो लेख तुम्हीच वाचून दाखवलात. मी मागे बायकांमध्ये बसले होते. 'घरजावई' आल्यावर सगळे पुरुष वळून एकमेकांकडे बघायला लागले, बॉयलरवाले काका तर पोट धरून हसले. तुम्ही थांबला नाहीत. शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचलंत, आणि 'ॲसिड पाण्यात' हे दोनदा म्हणालात. त्यानंतर गेटवर, टपरीवर, रस्त्यात, 'काय ॲसिड, जयभीम!' असं तुम्हाला म्हणायला लागले लोक. तुम्हीही जयभीम घालायचात आणि पुढे जायचात. निवृत्त झालात तरी ते नाव सुटलं नाही. तुमच्या मयतीला आलेल्यांतही एकाने ते काढलं, प्रेमानेच.

आता मी गावोगाव जाऊन लोकांना शिकवते, आबा, विज्ञान रंजक कसं लिहावं ते. समोर तरुण मुलंमुली वह्या उघडून बसतात. मी सुनेची गोष्ट सांगते, मग दुकान, मग चष्मा, मग घरजावई. लोक जिथे हसायचे तिथे हसतात, जिथे गप्प व्हायचे तिथे होतात. शेवटी मी सांगते की चुकीची गोष्ट खऱ्या वाक्यापेक्षा जास्त टिकते, म्हणून सांभाळा. ते टिपून घेतात. परवा एका मुलीने हात वर केला. "मॅडम, पण तुम्ही केमिस्ट्रीच्या ना? हे तर आम्हाला आठवीला होतं." सगळे हसले. मीही हसले आणि म्हणाले, "अनवधानाने होतं ना कधीकधी." तेव्हापासून हा शब्द माझी पाठ सोडत नाही.

तर आज चार्ज देते, आबा. तुम्ही द्यायचात तसा, क्रम न सोडता. बुधवारी दुपारी मी कॅम्प तीनला छापखान्यात गेले. शेठने प्रूफ हातात दिलं. मी लाल पेन घेऊन वाचायला बसले. सुनेच्या ओळीवर आले आणि थांबले. उलटं आहे हे मला कळलं. अंधुक वगैरे नाही, स्वच्छ कळलं, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवरची पाटीसुद्धा डोळ्यांसमोर आली. मग मी ओळ फिरवून बघितली, सासू सुनेच्या घरी येते. गोष्ट बसेना. मग शेठ आतून ओरडला, "साईं, वो सास-बहू वाली लाइन एक नंबर है, जल्दी दे, मशीन खाली बैठी है." बेलवलीचं पोस्टकार्ड माझ्या पर्समध्ये होतं. मी मनाशी म्हटलं, घरी कोण करून बघतंय. मग मी ओळीच्या बाजूला बरोबरची खूण केली. मग प्रूफ परत दिलं.

म्हणजे तुम्ही स्कूटरवर विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. तुम्ही जो शब्द आयुष्यभर तोंडातून काढला नाहीत तो त्या दुकानात माझ्या चुकीसाठी खर्च केलात, आणि ती चूक नव्हतीच.

हे पत्र त्या पोस्टकार्डाबरोबर ठेवून देते. प्रस्तावना उद्या सकाळी जायची आहे. तो शब्द अजून तिथेच आहे, कारण तो काढला की वाक्य नीट बसत नाही.